कोटवाला परत येतो

"आधी त्याला तो कोट काढाय सांगा कुणीतरी," गिरजाबाई म्हणाली. "वैशाखात कोट घालून पळायलाय. बघूनच मला घाम सुटला."

"कोट ऱ्हाऊ दे गं. त्या दाढीवाल्याच्या घरातली माशांची पेटी बघितलीस का?" चतुराबाईनं हंडा नळाखालून ओढला. "भिंतीएवढी! आन् मासे किती, तर चार. माझ्या घरी आठ माणसं हायेत, आठ! त्या दाढीवाल्याला धरण्याआधी ती पेटी रिकामी करा म्हणावं आमच्या गल्लीत."

नळकोंडाळ्यावर सगळ्या हसल्या. द्वारका तेवढी हसली नाही. ती रांगेत माझी घागर पायानं पुढं सरकवत म्हणाली, "आन् ती कामून मरती दर खेपेला? वैरी हेचे, गोळी हेच्यावर झाडलेली, आन् मधी येऊन मरायचं तिनं. दर सिनेमाला एक बाई मारतेत."

मग सगळ्या माझ्याकडं वळल्या.

"अक्का, मेली का गं ती?"

मी पदरानं तोंड पुसलं, जरा वेळ घेतला. "न्हाई मेली. गोळी दंडाला चाटून गेली. दवाखान्यात नेली, टाके घातले, आता बरी हाय."

"बरं झालं बाई," गिरजाबाई म्हणाली आणि भरलेला हंडा खाली ठेवून ऐसपैस बसली.

ती मेली होती. कोटवाल्याच्या मांडीवर डोकं ठेवून, एक अख्खं कडवं म्हणून मेली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एकदा नव्हे, सात वेळा.

ह्याला आता अडतीस वर्षं झाली. बोरवंडच्या टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. तेव्हा मी तिथं बायकांच्या दाराची डोअरकीपर होते. लग्नाला आठ महिने होतात तोवर नवरा वारला, सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून बाहेर काढलं, आणि टॉकीजच्या मालकिणीला माझी दया आली. तिकीट फाडायचं, बॅटरी दाखवून जागेवर बसवायचं, आणि बायकांच्या बाकांवर कुणी बाप्या येऊन बसला तर त्याला उठवायचं, एवढं माझं काम. ते मी मन लावून केलं. अनसूया हे माझं नाव मालकिणीच्या हजेरीबुकात होतं, गल्लीत मी अनसाक्का.

आमच्या गल्लीतल्या बायका तीनच्या खेळाला यायच्या, कारण संध्याकाळचा आणि रात्रीचा खेळ पुरुषांचा. पण गावाला पाणी यायचं साडेपाचच्या सुमाराला, आणि आलं की पाऊण तास, फार तर तास. सिनेमा सुटायचा सहाला. मग मालकिणीनं एक तोड काढली होती. काचेच्या एका पट्टीवर 'नळाला पाणी आले आहे' असं लिहून घेतलं होतं. पाणी आलं की ऑपरेटर बशीरभाई ती पट्टी लावायचे. पडद्यावर कोटवाला उंच कड्याला एका हातानं लोंबकळतोय, आणि त्याच्या छातीवर अक्षरं उमटायची, नळाला पाणी आले आहे. दोन मिनिटांत बायकांची बाकं रिकामी. कोटवाला तसाच लोंबकळत राहायचा.

त्यामुळं आमच्या गल्लीतल्या एकाही बाईनं कुठल्याही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. नवऱ्यांना विचारावं तर ते म्हणायचे, "काय नसतंय, मारामारी हुती, मग पोलीस येतेत." म्हणून सगळी भिस्त माझ्यावर. खेळ सुटला, दारं लावली, की मी नळावर जायची आणि शेवट सांगायची.

सुरुवातीला मी होता तसाच सांगत होते. पण खरा शेवट सांगितला की बायका च्च् च्च् करायच्या आणि हंडे उचलून चालू लागायच्या. गोड सांगितला की थांबायच्या. पुढं काय झालं, लेकरंबाळं झाली का, सासू कशी निघाली, असं विचारत अर्धा तास बसायच्या. घरी माझी वाट बघणारं चिटपाखरू नव्हतं. त्या अर्ध्या तासासाठी मी हळूहळू त्या म्हणतील तसे शेवट करायला लागले.

आणि कोटवाल्याच्या बाबतीत तर त्यांचं म्हणणं संपायचंच नाही. हा नट दरवर्षी-दोन वर्षांनी यायचा. तोच कोट, तोच काळा चष्मा, देशासाठी हेरगिरी. सिनेमाचं नाव कुणाच्या लक्षात राहायचं नाही, पण कोटवाला आला म्हटलं की कामं टाकून बायका हजर. आवडायचा सगळ्यांनाच, पण जसा होता तसा एकीलाही पसंत नव्हता. तीन तासांत तो एकदाही जेवत नाही, निदान भाकरतुकडा खाताना दाखवा. त्याच्या साहेबानं त्याला दिवाळीची रजा द्यावी. कुठल्या देशात जातोय ते आईला एक कार्ड टाकून कळवावं. हे सगळं मी शेवटात घालायची. माझ्या शेवटांत कोटवाला जेवायचा, रजेवर जायचा, आईच्या पाया पडायचा. टॉकीजपासून नळ दोनशे पावलांवर, तेवढ्यात मी अख्खा माणूस सुधारायची!

द्वारका माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची. गोधड्या शिवायची. तिचा नवरा लिंबाजी ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होता. एकदा गाडी घेऊन लांब गेला, तो गेलाच. गाडीचा मालक म्हणाला, वाटेत उतरला. कुठं उतरला, का उतरला, कुणाला ठाऊक नाही. मूलबाळ नव्हतं. रोज पाण्याच्या वेळेला द्वारका माझ्या ओट्यावरची घागर आपल्या घागरीबरोबर घेऊन जायची आणि रांगेत शेजारी लावायची. मी टॉकीजातून येईतो माझी घागर नळाजवळ पोचलेली असायची. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी तिला त्याबद्दल बरं म्हटलं नाही.

सगळ्यांत गाजलेला कोटवाल्याचा सिनेमा म्हणजे दिव्याचा. सरहद्दीपलीकडच्या डोंगरी गावात एक शिवणकाम करणारी बाई त्याला घरात लपवते, त्याचा फाटलेला कोट शिवून देते. निघताना तो म्हणतो, खिडकीत दिवा लाव, मी परत येईन. मग सहा वर्षं जातात. तो दिवा दाखवत असताना आमची पाण्याची पट्टी लागायची.

हा सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा मी नळावर सांगितलं होतं, तो परत येतो. दार वाजवतो. ती दार उघडते. तो कोट काढतो आणि खुंटीला लावतो. कोट निघाला म्हटल्यावर गिरजाबाईनं टाळीच वाजवली. दुसऱ्या दिवशी द्वारकाच्या घरात गेले, तर दाराशेजारच्या खुंटीवर असायची ती पिशवी खाली ठेवलेली. खुंटी रिकामी.

दोन वर्षांनी तोच सिनेमा परत लागला, तेव्हा लिंबाजीला जाऊनही सहा वर्षं झाली होती. पोस्टरवर 'लोकाग्रहास्तव' लिहिलं होतं. त्याच आठवड्यात द्वारकाचा भाऊ सोपान येऊन गेला.

सोपान भला माणूस. नदीकाठच्या गावात राहायचा. तिथल्या कारखान्यावर पंप चालवणारा एक विधुर होता, चार वर्षांची मुलगी पदरात, माणूस शांत. त्यांच्यात पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लावायला हरकत नव्हती, पंचांनीही हो म्हटलं होतं. सोपान ह्याआधी दोनदा येऊन रिकामा गेला होता. दोन्ही खेपेला द्वारका म्हणाली होती, "मी दिवा लावलाय दादा, तो इझवू कसा?" ह्या खेपेला सोपान ओट्यावर टेकला तो उठताना एवढंच बोलला, "बाई, तो माणूस तरी किती थांबल? शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतो. यायचं असंल तर गठुडं बांधून ठेव. न्हाईतर परत मी हा इषय काढायचो न्हाई."

बुधवारी दुपारी द्वारका माझ्याकडं आली. उंबऱ्यात बसली, माझ्या हातातली सुपली घेऊन तांदूळ निवडायला लागली.

"अक्का, एक इचारू?"

"इचार की."

"तो येतो ना गं?"

मला कळलं कोण ते. "कोण?" म्हणाले.

"कोटवाला. दार वाजवतो म्हणलीस. कोट काढून खुंटीला लावतो म्हणलीस."

"व्हय."

"सहा वर्सांनी?"

"व्हय, सहा वर्सांनी."

तिनं एक खडा उचलून लांब भिरकावला. "उद्या मी शेवटापस्तोर बसणार हाय. डोळ्यांनी बघती. एक दिस पाण्यावाचून काय मरत न्हाई मी." मग हसून म्हणाली, "तुझी घागर उद्या तूच लाव बाई कुणाकडून तरी."

सिनेमावरून कुणी आयुष्याचा निवाडा करतं का, असं तुम्ही म्हणाल. पण सहा वर्षं जिला कुणी एक शब्दही धड सांगितलेला नाही, तिला धरायला काहीतरी लागतंच. पोलीस सांगत नव्हते, गाडीमालक सांगत नव्हता. सांगणारी मी एकटीच होते.

गुरुवारी तीनच्या खेळाला बायका आल्या. द्वारका तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसली. साडेपाचला पडद्यावर दिवा लागला, दिव्यावर पाण्याची अक्षरं आली. बायका उठल्या, "चल गं द्वारके" झालं, पायऱ्यांवर चपला वाजल्या, आणि बायकांची बाजू शांत झाली. बाकांवर ती एकटी. पदर डोक्यावरून घेतलेला, हात मांडीवर.

मी दार लोटलं आणि जिना चढून बशीरभाईंच्या खोलीत गेले. ते यंत्राशेजारी स्टुलावर बसून सुपारी कातरत होते.

"बशीरभाई, शेवट दाखवू नका आज."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "क्यूं? काय झालं अनसूयाबाई?"

"तो गल्लीत येऊन परत जातो तेवढंच. त्याच्या आधी बंद करा. दिव्यावर संपवा."

मला वाटलं, ओरडतील. ते हसले. "वीस वरसं झाली मी ह्याचे सिनेमे दाखवतो. मला पण वाटतं, एकदा तरी ह्यानं दार वाजवावं. पिक्चर काढणाऱ्यानं केलं नाही, मी काय करणार? पण काढून टाकायचं तर सोपं आहे. रीळ तसं पण चार ठिकाणी तुटलंय." त्यांनी शेवटचं रीळ जवळ ओढलं, कैची उचलली. "चार मिनिटं जातील. तो गल्लीच्या तोंडाशी येतो तिथं संपवू. लोक समजतील, आला. बोला, कापू?"

त्या खोलीला भिंतीत एक चौकोनी झरोका होता. त्यातून मला द्वारकाचं डोकं दिसत होतं. ती जरा पुढं झुकली होती, माणूस लांबून येणारी गाडी ओळखायला झुकतो तशी.

आता एक गोष्ट सांगते, जी मी त्या दिवशीपर्यंत स्वतःशीसुद्धा नीट बोलले नव्हते. तो कोट खुंटीला लावायचा शेवट मी बायकांसाठी केला नव्हता. दोन वर्षांमागं ज्या दिवशी तो सांगितला, त्या सकाळी द्वारकानं मला सांगितलं होतं की सोपान पहिल्यांदा स्थळ घेऊन येतोय, आणि तिच्या मनात जावं असं आहे. टॉकीजपासून नळापर्यंतच्या त्या दोनशे पावलांत माझ्या डोक्यात गिरजाबाई नव्हती, चतुराबाई नव्हती. एकच होतं, ही गेली तर माझी घागर रांगेत कोण लावणार? घागरीचं निमित्त झालं. ही गेली तर मला कुणीच नाही, हे खरं होतं. म्हणून मी त्याला परत आणला. त्याला दार वाजवायला लावलं. आणि तिला दोन वर्षं बसवून ठेवली.

"बोला ना. रीळ लावायची येळ झाली," बशीरभाई म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "असू द्या आहे तसं."

मी खाली आले आणि तिच्या शेजारी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

कोटवाला गल्लीत आला. कोट फाटका, डोळ्यांवर चष्मा नाही, दाढी वाढलेली. खिडकीत दिवा होता, आणि खिडकीच्या पडद्यावर त्या बाईची सावली, मान खाली घालून शिवत बसलेली. तो दारापर्यंत गेला. हात वर केला. तो हात खूप वेळ तसाच दाखवतात. मग त्यानं हात खाली घेतला, कोटाची कॉलर वर केली आणि आला तसा निघून गेला. आतल्या बाईनं पावलांच्या आवाजानं मान वर केली. जरा वेळ ऐकलं. मग सुईत पुन्हा दोरा ओवला. संपलं. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या वाजल्या, खुर्च्या धडाधड मिटल्या.

"पुढं?" द्वारका म्हणाली.

"पुढं काही न्हाई."

ती पडद्याकडंच बघत होती. "तू किती येळा बघितलास हा?"

"आधीचे आन् आताचे धरून तेरा-चौदा."

"दर येळी तो असाच गेला?"

"असाच."

"दार तरी वाजवायचं," ती म्हणाली. "तू मला नको म्हणून सांगायचं, आन् मग जायचं. दार तरी वाजवायचं." तिनं माझं मनगट धरलं होतं ते दुखायला लागलं. मी सोडवून घेतलं नाही.

आम्ही नळावर गेलो तेव्हा पाणी जाऊन पाच मिनिटं झाली होती. बायका भरल्या हंड्यांशी आमचीच वाट बघत बसल्या होत्या. द्वारका शेवटापर्यंत थांबली हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता सगळं बाहेर पडणार, असं मला वाटलं. एक शेवट खोटा निघाला की सगळेच खोटे निघणार होते. ह्या बायका पुन्हा मला काही विचारणार नव्हत्या. मी तयारीनंच उभी राहिले.

"काय गं द्वारके," गिरजाबाई म्हणाली, "आला का तो?"

द्वारकानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"आला की. अक्का म्हणली तसाच. दार वाजवलं, तिनं उघडलं. कोट काढून खुंटीला लावला."

"आन् जेवला?"

"जेवला. तिनं गरम भाकर केली, तो चुलीपुढं बसून जेवला. दोन भाकरी खाल्ल्या."

"आन् पाणी?" चतुराबाईनं विचारलं.

"तांब्याभर. त्यातलं निम्मं ठेवलं तिच्यासाठी."

बायका खूश झाल्या. चतुराबाई म्हणाली, असा माणूस असावा. मी कधीच इतका चांगला शेवट सांगितला नव्हता. निम्मं पाणी ठेवायचं मला सुचलंच नसतं.

घराशी आलो. अजून उजेड होता. आपल्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "मला का फशिवलंस, अक्का? त्यांचं सोड. मला?"

मी खोटं बोलून थकले होते. "मला तू जायला नको व्हतीस."

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. राग येईल, शिव्या देईल, काहीही चाललं असतं मला.

"मग तसं म्हणायचं व्हतंस," ती म्हणाली. "मी राहिले असते."

शुक्रवारी सकाळी सोपान आला. गठुडं बांधलेलं होतं. मी स्टँडवर गेले नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. द्वारकानं मला वाकून नमस्कार केला आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली, घरमालक आला की दे म्हणाली. तिचं पुढं बरं झालं. ती सावत्र मुलगी तिलाच आई म्हणायची, असं सोपानच्या एका कार्डावरून कळलं. तिनं स्वतः कधी लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही.

त्या शुक्रवारी नवा सिनेमा लागला होता, कोटवाल्याचा नव्हे, दोन भावांचा. साडेपाचला पट्टी लागली, बायका गेल्या. सहाला दारं लावून मी घरी आले. माझी घागर ओट्यावर होती तशी पालथी होती. ती उचलून मी नळावर गेले. पाणी अजून चालू होतं. रांगेत सगळ्यांत मागं मी घागर ठेवली.

"अक्का, शेवट?" गिरजाबाईनं लांबूनच विचारलं.

"थोरला भाऊ मरतो," मी म्हणाले. "धाकट्याला शेवटपर्यंत कळत न्हाई की तो आपला भाऊ व्हता."

चतुराबाई च्च् च्च् करून उठली. "हे काय गं! काल द्वारकानं किती झाक सांगितलं."

"तिनं डोळ्यांनी बघितलं व्हतं ना," गिरजाबाई म्हणाली. आणि हंडा डोक्यावर घेऊन ती निघाली.

हंडे भरलेल्या एकेक करून गेल्या. राहिलेल्या नळाकडं तोंड करून उभ्या होत्या. माझ्यापुढं नऊ घागरी होत्या. सहावी भरता भरता पाणी गेलं.